टीव्हीवर ‘रेकॉर्ड’ केलेला कार्यक्रम नक्की कुणाचा असतो?

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या टीव्ही बघणाऱ्यांसाठी दोन बातम्या आल्या. एक छोटी, एक मोठी.

छोटी बातमी अशी की, टिवो नावाच्या कंपनीने आपले टीव्ही रेकॉर्डर विकणं थांबवलं. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. पण चालू टीव्ही पॉज करायचा, मागे न्यायचा, एकदा सांगितलं की अख्खी मालिका आपोआप रेकॉर्ड होत राहायची, ही सवय अमेरिकेतल्या घराघरांत लावली ती याच कंपनीने. आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो, तसं तिकडे ‘टिवो करून ठेव’ हे बोलीभाषेतलं क्रियापद झालं होतं.

मोठी बातमी यूट्यूब टीव्हीची. हे आपलं रोजचं यूट्यूब नव्हे. महिन्याला ८२.९९ डॉलर घेऊन केबलचे चॅनेल इंटरनेटवरून दाखवणारी ही अमेरिकेतली सेवा आहे. ३० ऑक्टोबरच्या रात्री तिचा डिस्नेसोबतचा करार संपला, पैशांवरून बोलणी फिसकटली आणि ईएसपीएन, एबीसीसारखे चॅनेल बंद पडले. चॅनेल जाणं एकवेळ समजण्यासारखं होतं. पण त्या चॅनेलवरचे जे कार्यक्रम लोकांनी आधीच रेकॉर्ड करून ठेवले होते, तेही लायब्ररीतून गायब झाले. १४ नोव्हेंबरला तडजोड झाली, चॅनेल परत आले आणि त्यांच्यासोबत रेकॉर्डिंगही परत आलं.

म्हणजे दोन आठवडे लोक स्वतःच रेकॉर्ड केलेली मॅच बघू शकत नव्हते, का, तर दोन कंपन्यांचं भांडण चालू होतं. घरातल्या व्हीसीआरमधली कॅसेट कुणी रातोरात येऊन घेऊन गेलं आणि पंधरा दिवसांनी परत आणून ठेवली, असाच हा प्रकार. मग रेकॉर्ड केलेला कार्यक्रम होता कुणाचा? याचं उत्तर शोधायचं तर टिवोच्या २६ वर्षांच्या प्रवासात शिरावं लागतं. कारण ‘पेटी विकत घ्या आणि वर दर महिन्याला पैसे भरा’ हा व्यवहार टीव्हीच्या खाली येऊन बसला तो तिथूनच.

पेटीत नेमकं काय होतं?

जिम बार्टन आणि माइक रॅमसे हे दोघं सिलिकॉन ग्राफिक्स या कॉम्प्युटर कंपनीत काम केलेले इंजिनिअर. १९९७ मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि मार्च १९९९ च्या शेवटी पहिला टिवो ग्राहकांकडे रवाना झाला. पेटी फिलिप्सने बनवलेली होती. १४ तास रेकॉर्ड करणाऱ्या मॉडेलची किंमत होती ४९९ डॉलर. ३० तासांचं हवं असेल तर ९९९.

आत काय होतं, तर कॉम्प्युटरसारखी हार्ड डिस्क, लिनक्सवर चालणारं सॉफ्टवेअर आणि एक मोडेम. टीव्ही लावला की दिसणारं सगळं आधी डिस्कवर लिहिलं जायचं आणि तिथून स्क्रीनवर यायचं. म्हणजे प्रेक्षकाला वाटायचं तो लाइव्ह बघतोय, पण प्रत्यक्षात तो क्षणभरापूर्वीचं रेकॉर्डिंग बघत असायचा. म्हणून तर पॉज शक्य होतं. फोन आला, दाबा पॉज. डिस्क लिहीत राहणार, तुम्ही परत आलात की जिथे सोडलं तिथून पुढे.

हे तर झालं यंत्र. खरी जादू दुसरीकडे होती. ही पेटी रोज, शक्यतो रात्री, घरातल्या टेलिफोन लाइनवरून कंपनीला फोन लावायची आणि पुढच्या दिवसांचं कार्यक्रमांचं वेळापत्रक उतरवून घ्यायची. त्यामुळे प्रेक्षकाला चॅनेल नंबर, वेळ, तारीख असलं काही भरावं लागायचं नाही. मालिकेचं नाव निवडायचं, बस. मालिकेची वेळ बदलली, तरी पेटीला ते आधीच कळलेलं असायचं.

या वेळापत्रकाचे पैसे वेगळे होते. महिन्याला ९.९५ डॉलर, नाहीतर एकदाच १९९ डॉलर भरून ‘लाइफटाइम’. पेटीचे पाचशे डॉलर मोजल्यावर वर हे. तेव्हाच्या अनेक ग्राहकांना हे पटत नव्हतं. व्हीसीआरला कुठे महिन्याचं बिल येतं? आज प्रत्येक ॲपला महिना लावून बसलेल्या पिढीला हा प्रश्न विचित्र वाटेल, पण १९९९ मध्ये घरातल्या वस्तूची वर्गणी भरणं ही कल्पनाच नवी होती.

घरात टिवो आला की काय व्हायचं?

पहिला बदल म्हणजे घड्याळ सुटायचं. रात्री आठची मालिका आठलाच बघायची गरज उरत नव्हती. दुसरा बदल थोडा गमतीशीर होता. आठची मालिका लोक मुद्दाम आठ वाजून पंधरा-वीस मिनिटांनी बघायला बसायचे. रेकॉर्डिंग चालूच असायचं. जाहिरात आली की पुढे पळवायची. असं करत करत कार्यक्रमाच्या शेवटापर्यंत ते लाइव्हला गाठायचे. अमेरिकेतल्या एक तासाच्या कार्यक्रमातल्या जाहिराती साधारण तेवढ्याच वेळाच्या असायच्या, म्हणून हे गणित जुळायचं.

आणि मग नव्या कटकटी. पहिल्या टिवोत एकच ट्यूनर होता, म्हणजे एका वेळी एकच चॅनेल रेकॉर्ड व्हायचा. दोघांच्या आवडत्या मालिका एकाच वेळी असतील तर पेटी विचारणार, कुठली ठेवू? रिमोटवरून होणारी भांडणं मिटली आणि यादीत कुणाचं नाव वर, यावरून सुरू झाली. डिस्क भरत आली की जुनं आपोआप पुसलं जायचं. ‘मी पुसेपर्यंत ठेव’ असा पर्याय होता, पण घरातल्या प्रत्येकाने तो वापरला तर नव्याला जागाच उरायची नाही.

एक सवय मात्र सगळ्यांना लागली. ज्याच्या घरी टिवो होता तो दुसऱ्याच्या घरी गेला की त्याला साधा टीव्ही सहन व्हायचा नाही. २००३ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष मायकल पॉवेल यांनी जाहीर कार्यक्रमात टिवोला ‘देवाचं यंत्र’ म्हटलं होतं. नियामक संस्थेच्या प्रमुखाने एखाद्या उत्पादनाबद्दल असं बोलावं का, हा वेगळा मुद्दा.

टीव्हीवाले चिडले, कारण साधं होतं

फुकट दिसणारा टीव्ही फुकट नसतो, त्याचे पैसे जाहिरातदार देतात. प्रेक्षकाने जाहिरात पळवली तर जाहिरातदार पैसे का देईल? २००२ मध्ये टर्नर ब्रॉडकास्टिंगचे प्रमुख जेमी केलनर यांनी तर एका मुलाखतीत जाहिरात टाळणं ही चोरीच आहे, असं सांगितलं. कार्यक्रम बघताय म्हणजे जाहिराती बघण्याचा करार तुम्ही केलेलाच आहे, असं त्यांचं म्हणणं. बाथरूमला जायची थोडीफार सूट द्यायला मात्र ते तयार होते!

कायद्याने त्यांना फार काही करता येत नव्हतं, कारण १९८४ चा एक निकाल आड येत होता. सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स हा घरगुती रेकॉर्डर आणला आणि पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल आणि डिस्नेने सोनीला कोर्टात खेचलं. आठ वर्षं खटला चालला. शेवटी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की, कार्यक्रम नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं हा कॉपीराइटचा भंग नाही. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर घरगुती रेकॉर्डिंगची गोष्ट तिथेच संपली असती.

पण या निकालात ‘नंतर बघणं’ सुरक्षित होतं, ‘जाहिरात गाळणं’ किती सुरक्षित आहे हे स्पष्ट नव्हतं. टिवोची स्पर्धक रिप्लेटीव्ही हिने तीच रेषा ओलांडली. २००१ च्या तिच्या मॉडेलमध्ये जाहिराती आपोआप गाळायची आणि रेकॉर्ड केलेला कार्यक्रम इंटरनेटवरून दुसऱ्या ग्राहकाला पाठवायची सोय होती. स्टुडिओ आणि नेटवर्क एकत्र येऊन कोर्टात गेले. खटल्याचा निकाल लागायच्या आधीच, २००३ मध्ये, रिप्लेटीव्हीची मालक कंपनी सोनिकब्लू दिवाळखोरीत गेली.

टिवोने हे बघितलं आणि शहाणपणाचा, काहींच्या मते घाबरटपणाचा, मार्ग निवडला. रिमोटवर ‘३० सेकंद पुढे’ असं बटण दिलंच नाही. पण सॉफ्टवेअरमध्ये ती सोय लपवून ठेवली. सिलेक्ट, प्ले, सिलेक्ट, तीन, शून्य, सिलेक्ट असं ओळीने दाबलं की ती चालू व्हायची. हा मंत्र ग्राहक एकमेकांना सांगायचे.

नंतर तर टिवोनेच जाहिराती दाखवायला सुरुवात केली. आधी फॉरवर्ड करताना स्क्रीनवर जाहिरातदाराची पाटी आली. २०१९ मध्ये रेकॉर्ड केलेला कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी जाहिरात यायला लागली. ज्यांनी जाहिराती टाळायला पेटी घेतली, वर लाइफटाइमचे पैसे भरले, त्यांना त्यांच्याच डिस्कवरचा कार्यक्रम बघायला जाहिरात. लोक भडकणार नाहीत तर काय?

‘लाइफटाइम’ म्हणजे कुणाचं आयुष्य?

वर आलेला लाइफटाइम हा शब्द नीट बघण्यासारखा आहे. ग्राहकाला वाटायचं, आपल्या आयुष्यभरासाठी. करारात होतं, पेटीच्या आयुष्यापुरतं. पेटी बिघडली, नवी घेतली की नव्या पेटीची वर्गणी पुन्हा पहिल्यापासून.

आणि पेटी धडधाकट असली तरी? त्याचं उत्तर ब्रिटनमध्ये मिळालं. तिथे टिवो २००० मध्ये आला. लाइफटाइमचे १९९ पौंड होते. विक्री काही जमली नाही आणि दोन-तीन वर्षांत नव्या पेट्या येणं थांबलं. त्यातच २००१ पासून स्कायचा स्वतःचा रेकॉर्डर, स्काय प्लस, बाजारात होता. तरी जुन्या ग्राहकांच्या पेट्या वेळापत्रक घेत चालत राहिल्या. मग १ जून २०११ ला ती सेवा बंद झाली. हार्ड डिस्क ठीक, रिमोट ठीक, टीव्ही ठीक, फक्त उद्या कुठल्या चॅनेलवर काय लागणार हे सांगणारं कुणी उरलं नाही. ज्या ‘हुशार’ पेटीचे पैसे मोजले होते ती एका दिवसात व्हीसीआरच्या पातळीवर आली. तिथल्या काही हौशी ग्राहकांनी हार मानली नाही. त्यांनी मिळून स्वतःचं पर्यायी वेळापत्रक तयार केलं आणि जुन्या पेट्यांना त्यावर चालवलं.

ही गोष्ट महत्त्वाची यासाठी की, पेटी तुमची असली तरी तिला जिवंत ठेवणारी माहिती कंपनीकडे असते. अमेरिकेतही पहिल्या पिढीच्या टिवोची सेवा २०१६ मध्ये थांबली. पुढच्या मॉडेलमध्ये वर्गणी बंद केली की नवं रेकॉर्डिंग जवळपास बंदच.

पेटीचं सॉफ्टवेअर बदलून घ्यावं म्हटलं तर तोही रस्ता बंद. टिवो लिनक्सवर चालायचा. लिनक्सच्या परवान्यानुसार सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कुणालाही मिळायला हवा आणि तो टिवोने दिलाही. पण बदललेला कोड घातला की नव्या पेट्या चालायला नकार द्यायच्या, कारण त्यावर कंपनीची डिजिटल सही नसायची. कागदावर स्वातंत्र्य, हातात काही नाही. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीने या प्रकाराला ‘टिवोकरण’ असं नावच दिलं आणि २००७ मध्ये आलेल्या जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याविरुद्ध कलम घातलं.

टीव्ही बघणाऱ्याकडे बघणारा टीव्ही

टिवोच्या रिमोटवर दोन अंगठे होते, हिरवा वर आणि लाल खाली. आवडलं-नावडलं सांगायचं, आणि पेटी रिकाम्या जागेत तुमच्या आवडीचं वाटेल ते स्वतःहून रेकॉर्ड करून ठेवायची. आज नेटफ्लिक्स, यूट्यूब जे करतात त्याची ही जुनी आवृत्ती. अंदाज कधी कधी भलतेच चुकायचे. नोव्हेंबर २००२ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये यावर गाजलेला लेख आला होता. आपण गे आहोत असा टिवोने समज करून घेतला, म्हणून त्याचा समज बदलायला मुद्दाम युद्धपट रेकॉर्ड करत सुटलेले ग्राहक त्यात होते. अल्गोरिदमला फसवण्यासाठी माणसाने स्वतःचं वागणं बदलणं तेव्हाच सुरू झालं होतं!

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ग्राहकांनी न सांगताच त्यांच्या टिवोवर बीबीसीची ‘डोसा अँड जो’ ही विनोदी मालिका रेकॉर्ड झाली. ती प्रसिद्धीसाठी पाठवली होती. कुणाच्या घरातल्या डिस्कवर काय लिहायचं हे बाहेरून ठरवता येतं, हे लोकांना तेव्हा कळलं.

फेब्रुवारी २००४ मध्ये सुपर बोलच्या मध्यंतरात जॅनेट जॅक्सनच्या पोशाखाचा तो प्रसिद्ध प्रकार घडला. दुसऱ्या दिवशी टिवोने अभिमानाने जाहीर केलं की, त्यांनी मोजलेल्या सगळ्या क्षणांत सगळ्यात जास्त वेळा मागे नेऊन बघितला गेलेला क्षण हाच. आकडे एकत्रित होते, नावं नव्हती, असं कंपनीचं म्हणणं होतं. तरी अनेकांच्या पोटात गोळा आला. सोफ्यावर बसून कुठलं बटण कितीदा दाबलं, याची नोंद होतेय हे त्यांना त्या दिवशी समजलं.

मग टिवो संपला कसा?

लोकांना रेकॉर्डर आवडला नाही म्हणून नव्हे, उलट तो सगळ्यांनाच हवा होता. पण केबल आणि डिशवाल्यांनी स्वतःचा रेकॉर्डर महिन्याच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला मोठी रक्कम नाही, वेगळी पेटी नाही, बिलात थोडे डॉलर जास्त. टिवोपेक्षा त्यांचे मेन्यू किचकट असायचे, पण फुकटात घरपोच आलेल्या पेटीसमोर पाचशे डॉलरचा सुंदर मेन्यू किती टिकणार?

दुसरी अडचण कुलपाची होती. केबलचे चॅनेल कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असतात. बाहेरून घेतलेल्या पेटीत ते दिसावेत म्हणून अमेरिकेत केबलकार्ड नावाचं कार्ड होतं. केबल कंपनीकडून ते आणायचं आणि आपल्या पेटीत घालायचं. सरकारी नियम होता म्हणून कंपन्या कार्ड देत होत्या, मनापासून नाही. २०२० मध्ये तो नियमच काढून टाकण्यात आला. त्याआधीच लोक केबल सोडून स्ट्रीमिंगकडे निघाले होते.

कंपनीचा पैसा मग पेट्यांपेक्षा पेटंटमधून येऊ लागला. डिश नेटवर्क आणि इकोस्टार यांच्यासोबतचा पेटंटचा वाद २०११ मध्ये ५० कोटी डॉलरवर मिटला. २०१६ मध्ये रोवीने टिवो विकत घेतली, २०२० मध्ये ती एक्सपेरीत विलीन झाली. आज टिवो हे नाव आहे, ते स्मार्ट टीव्हीच्या सॉफ्टवेअरवर.

आपल्याकडे काय झालं?

महाराष्ट्रातल्या घरांत ही गोष्ट आली ती २००८ मध्ये, टाटा स्काय प्लसच्या रूपाने. (टाटा स्काय आता टाटा प्ले झालंय, जानेवारी २०२२ पासून.) एक चॅनेल बघता बघता दुसरा रेकॉर्ड करा, लाइव्ह पॉज करा, सगळं तेच. फरक असा की, आपल्याकडे टिवोसारखी स्वतंत्र कंपनी मधे आलीच नाही. पेटी, चॅनेल, वेळापत्रक, रिचार्ज, सगळं एकाच दुकानात.

शिवाय तेव्हा आपल्याकडे लोडशेडिंग होतं. मालिकेच्या वेळेला लाइट गेली की रेकॉर्डर काय करणार? आणि मराठी, हिंदी मालिकांचा दुसऱ्या दिवशी दुपारी रिपीट असायचाच. वेगळे पैसे मोजून रेकॉर्डर घ्यायची निकड बहुतेक घरांना वाटली नाही, त्यामागे हेही एक कारण मानायला हरकत नाही.

पुढे स्वस्त पर्याय आला, सेट टॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावून रेकॉर्ड करायचा. ज्यांनी हे केलं त्यांना एक अनुभव हमखास आला असेल. तो पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला तर फाइल उघडत नाही. शेजारच्यांच्या बॉक्सला लावला तरी नाही. रेकॉर्डिंग त्या एका बॉक्सच्या किल्लीने बंद केलेलं असतं. बॉक्स जळाला की पेनड्राइव्हवर नुसती भरलेली जागा उरते. अनेक बॉक्समध्ये रिचार्ज संपला की आधीचं रेकॉर्डिंगही उघडत नाही.

कंपनी बदलली तर बॉक्सही बदला, हे आहेच. कुठल्याही कंपनीचा बॉक्स कुठेही चालावा अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली होती. मोबाइलचं सिम बदलतो तसं बॉक्सचं करता आलं असतं. घरोघरी अजून तसं दिसत नाही.

अपवाद आहे तो डीडी फ्री डिशचा. दूरदर्शनच्या या सेवेला महिन्याचं बिल नाही आणि तिच्यासाठी बाजारात मिळणाऱ्या साध्या बॉक्समधून पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करता येतं. गंमत बघा, ज्या घरात टीव्हीचा खर्च सगळ्यात कमी, त्याच घरातलं रेकॉर्डिंग खऱ्या अर्थाने त्या घरचं.

मोबाइलवर तर रेकॉर्ड हा शब्दच उरला नाही. त्याची जागा डाउनलोडने घेतली. पण डाउनलोडला मुदत असते, ते ॲपच्या बाहेर नेता येत नाही आणि सबस्क्रिप्शन संपलं की तेही संपतं. पूर्वी मालिका उशिरा बघता यावी म्हणून लोक पैसे द्यायचे. झी५ सारख्या ॲपवर आता लोक टीव्हीच्या आधी एपिसोड बघायला पैसे देतात.

जाहिरात टाळण्याचंही तसंच. रेकॉर्डरवर ती फॉरवर्ड बटणाने टळायची, आता वेगळा दर आहे. प्राइम व्हिडिओने भारतात १७ जून २०२५ पासून जाहिराती सुरू केल्या आणि त्या नको असतील तर महिन्याला १२९ किंवा वर्षाला ६९९ रुपये वर द्या, असं सांगितलं. टीव्हीवर तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत, असा नियम आपल्याकडे निदान कागदावर तरी आहे. त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. ॲपना तो नियम लागू नाही.

ढगातलं रेकॉर्डिंग

आता पुन्हा यूट्यूब टीव्हीकडे. तिथे डिस्क घरात नसते, कंपनीच्या सर्व्हरवर असते. याला क्लाउड डीव्हीआर म्हणतात. याचीही एक कोर्टाची गोष्ट आहे. केबलव्हिजन या केबल कंपनीने असा रेकॉर्डर आणायचं ठरवलं तेव्हा स्टुडिओंनी तिला कोर्टात नेलं. कार्यक्रमाची कॉपी कंपनी करतेय, ग्राहक नाही, असा त्यांचा मुद्दा होता. २००८ मध्ये अपील कोर्टाने केबलव्हिजनच्या बाजूने निकाल दिला, कारण प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी कॉपी होत होती आणि बटण ग्राहक दाबत होता. म्हणजे एक लाख लोकांनी एकच मॅच रेकॉर्ड केली तर सर्व्हरवर त्याच मॅचच्या एक लाख कॉपी ठेवायच्या! तांत्रिकदृष्ट्या हा मूर्खपणा वाटेल, पण त्या वेगळ्या कॉपीमुळेच ते रेकॉर्डिंग कायद्याच्या नजरेत ग्राहकाचं ठरत होतं.

यूट्यूब टीव्ही २०१७ मध्ये आला तो अमर्याद रेकॉर्डिंगचं आश्वासन घेऊन. डिस्क भरण्याचं टेन्शन नाही, एकाच वेळी हवे तेवढे कार्यक्रम. सोयीच्या बाबतीत टिवोला हे कधीच जमलं नसतं, हे मान्य करायला हवं. अट एवढीच की, रेकॉर्डिंग नऊ महिने राहणार. नऊ महिन्यांनी ते जाणार, ‘मी पुसेपर्यंत ठेव’ हा पर्याय नाही. सुरुवातीच्या काळात काही चॅनेलच्या बाबतीत तर ग्राहकाने रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमाऐवजी चॅनेलने दिलेली ऑन-डिमांड प्रत दाखवली जायची आणि तिच्यातल्या जाहिराती पुढे पळवता यायच्या नाहीत. आणि आता २०२५ मध्ये हेही दिसलं की, चॅनेलचा करार तुटला तर नऊ महिन्यांचीही वाट बघायची गरज नाही.

घरातल्या डिस्कवर हे एवढ्या सहज झालं नसतं, पण तिथेही खात्री नव्हतीच. २००५ मध्ये काही टिवो ग्राहकांना दिसलं की, त्यांच्या रेकॉर्डिंगवर लाल खूण आलीय आणि ठरावीक मुदतीनंतर ते पुसलं जाणार आहे. सिग्नलमधल्या गडबडीमुळे चुकून झालं, असं कंपनीने सांगितलं. चूक असेलही, पण पुसण्याची सोय पेटीत आधीपासून होती म्हणूनच ती चूक होऊ शकली.

वाद चालू असताना यूट्यूब टीव्हीने ग्राहकांना २० डॉलरची भरपाई दिली. ती चॅनेल बंद होते म्हणून. रेकॉर्डिंगचा वेगळा हिशेब कुणी केला नाही.

टिवोच्या जुन्या पेट्या मात्र सध्या चालू आहेत. विक्री थांबली तरी आधीच्या ग्राहकांना सेवा मिळत राहील, असं कंपनी सांगते. या पेट्यांमधला सगळ्यात आधी जाणारा भाग म्हणजे हार्ड डिस्क, आणि ती बाजारातून आणून स्वतः बदलणारे ग्राहक अमेरिकेत आहेत. लाइफटाइम पेटीला चिकटलेलं असल्यामुळे ते पेटी टाकत नाहीत, आतले सुटे भाग बदलत राहतात. वेळापत्रक मात्र त्यांच्या पेट्या आजही रोज कंपनीकडूनच घेतात.